रिपोर्टातल्या चांदण्या

दरवर्षी एकदा आमच्या ऑफिसात सामुदायिक उपास असतो. आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नाही, सकाळी चहा नाही, आणि साडेआठला कॉन्फरन्स रूमच्या बाहेर बाही वर करून रांगेत उभं राहायचं. एकादशीला निदान साबुदाण्याची खिचडी तरी मिळते, इथं रक्त दिल्याशिवाय इडलीचं दर्शन नाही. मग तीन-चार दिवसांनी मेलमध्ये रिपोर्टाची पीडीएफ येऊन पडते.

पीडीएफ उघडली की सगळेजण एकच गोष्ट करतात. चांदण्या शोधतात. जो आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल त्याच्यापुढे लॅबवाले एक चांदणी छापतात. बारा पानांत दोन चांदण्या सापडल्या, की बाकीचं काही वाचायची गरज नाही असं आपण सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलंय. आणि एकही सापडली नाही तर काय विचारता! त्या संध्याकाळी बिर्याणी ठरलेली.

कँटीनमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नसतो. "तुझं किती रे?" "दोनशे सोळा." "माझं दोनशे चाळीस! उद्यापासून अंडं बंद." कोलेस्टेरॉलचा आकडा लोक मॅचच्या स्कोअरसारखा सांगतात. पण "तुझं क्रिएटिनिन किती?" असं कुणी कुणाला विचारल्याचं मी आजतागायत ऐकलेलं नाही.

मला आज जे म्हणायचंय ते एवढंच, की कोलेस्टेरॉलची ओळ आणि किडनीची ओळ वेगवेगळ्या पानांवर छापलेल्या असल्या तरी त्या एकत्र वाचाव्यात. आणि त्या दोघींचं नातं आपण समजतो तसं, म्हणजे 'कोलेस्टेरॉलने नळ्या तुंबतात आणि किडनी बसते' इतकं सरळ नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण स्वतःवर वेळ आली म्हणून गेले काही महिने वाचत बसलो, आणि जे कळलं ते आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, म्हणून हा प्रपंच.

वेळ आली ती अशी. वय ३६. टोटल कोलेस्टेरॉल २१६, एलडीएल १३८, ट्रायग्लिसराइड्स २१२, एचडीएल ३६. चार ओळींत चार चांदण्या, म्हणजे अगदी पौर्णिमाच म्हणा ना (पौर्णिमेला चांदण्या कमी दिसतात हे मला माहीत आहे, उगाच चुका काढू नका). मी घाबरून तूप सोडलं, अंड्यातलं पिवळं सोडलं आणि चार वाजताच्या चहाबरोबर वडापावाऐवजी मारी बिस्किटं खायला लागलो. मोठा त्याग केल्याच्या आविर्भावात आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर सत्तरीचे आहेत, मला लहानपणापासून ओळखतात आणि माझ्याशी अजूनही मी पाचवीत असल्यासारखंच बोलतात.

त्यांनी पानं उलटली. लिपिडच्या पानावर थांबले, पुढे गेले, परत मागे आले. मग म्हणाले, "अरे, चांदण्या काय मोजतोस? मागच्या वर्षांचे रिपोर्ट आहेत का?"

सुदैवाने होते. सगळे मेलमध्ये पडून होते, एकही नीट उघडलेला नव्हता. ३१व्या वर्षी क्रिएटिनिन ०.९. मग ०.९, १.०, १.०, १.१ आणि यंदा १.२. लॅबची मर्यादा ०.७ ते १.३. म्हणजे सहा वर्षं सलग 'नॉर्मल', एकही चांदणी नाही.

"आणि बी.पी.?"

"१३८-९२. पण ते तुमच्याकडे आलं की वाढतं..."

"सगळ्यांचं माझ्याकडे आलं की वाढतं. मग माझ्याकडे यायचंच बंद करा," डॉक्टर म्हणाले. "लघवीचं अल्ब्युमिन कुठाय?"

रिपोर्टात लघवीचं एक पान होतं. तिथं 'अल्ब्युमिन : ॲब्सेंट' असं लिहिलेलं. मी ते विजयी मुद्रेने दाखवलं. त्यांनी मान हलवली. "हे पट्टी बुडवून बघतात. मला आकडा पाहिजे."

त्या आकड्याकडे नंतर येतो. आधी, मला हे सगळं समजायला लागली तेवढी पार्श्वभूमी सांगतो.

आपल्या दोन किडन्या मुठीएवढ्या, पण हृदयातून दर मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त बाहेर पडतं त्यातलं लिटरभर एकट्या या दोघींकडे जातं. प्रत्येकीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या. त्या दिवसभरात १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून सोडून देतात. दर मिनिटाला किती गाळलं जातं, याचा अंदाज म्हणजे ईजीएफआर. रिपोर्टात क्रिएटिनिनच्या खाली हा आकडा हल्ली बहुतेक लॅब छापतात, आणि आपण तो बहुतेक वेळा वाचत नाही.

आता कोलेस्टेरॉल. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून जाताना प्रथिनांच्या होडीत बसून जातं. एलडीएल, एचडीएल ही त्या होड्यांची नावं. या होड्या किडनीच्या गाळणीच्या मानाने खूपच मोठ्या. त्यामुळे 'भरपूर पाणी प्यायलं की कोलेस्टेरॉल लघवीवाटे निघून जातं' हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते साफ खोटं. कोलेस्टेरॉल तयार करणं आणि पित्तातून बाहेर टाकणं, हा मुख्यतः लिव्हरचा कारभार.

मग किडनीचा संबंध येतो कुठे?

पहिला संबंध उलट दिशेने आहे. किडनी बिघडली की रक्तातली चरबी बिघडते. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे नेफ्रॉटिक सिंड्रोम. यात गाळणी इतकी फाटते की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून वाहून जायला लागतं. ती तूट भरून काढायला लिव्हर जादा पाळीत काम करतं आणि अल्ब्युमिनबरोबर कोलेस्टेरॉलच्या होड्याही भरमसाट बनवून सोडतं. अशा रुग्णाचं कोलेस्टेरॉल तीनशे-चारशेच्या वर जातं, मग त्याने जन्मात तुपाला हात लावलेला नसला तरी. इतकं टोकाला न जाता किडनी हळूहळू मंदावत गेली तरी रक्तातले ट्रायग्लिसराइड्स मोडणारं एन्झाइम नीट काम करेनासं होतं. ट्रायग्लिसराइड्स वाढतात, एचडीएल कमी होतं. गंमत म्हणजे एलडीएलचा आकडा अशा वेळी कितीदा तरी नॉर्मलच दिसतो.

पण हे झालं किडनी बऱ्यापैकी बिघडल्यानंतरचं. तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट माणसाचं काय?

याबद्दल दोन अभ्यास मला फार उपयोगी वाटले. पहिला अमेरिकेतल्या डॉक्टरांवरचा, २००३ साली प्रसिद्ध झालेला. सुरुवातीला निरोगी असलेल्या ४,४८३ पुरुष डॉक्टरांच्या रक्ताचे नमुने १९८२ मध्ये घेतले आणि परत १९९६ मध्ये. या १४ वर्षांत १३४ जणांचं क्रिएटिनिन १.५ किंवा त्याहून वर गेलं. ज्यांचं टोटल कोलेस्टेरॉल सुरुवातीला २४० किंवा जास्त होतं त्यांना हा धोका १.७७ पट. ज्यांचं एचडीएल ४० च्या खाली होतं त्यांना २.१६ पट. दुसरा अभ्यास २००० सालचा, अमेरिकेतल्याच चार ठिकाणच्या १२,७२८ स्त्री-पुरुषांचा. त्यात तीनेक वर्षांतच असं दिसलं, की ज्यांचे ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी, त्यांचं क्रिएटिनिन वाढण्याची शक्यता जास्त.

इथं दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, '२.१६ पट' ऐकून छातीत धस्स होतं, पण ४,४८३ मधले १३४ म्हणजे १४ वर्षांत शंभरातले तीन. छोट्या आकड्याची दुप्पट छोटीच असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डॉक्टरांच्या अभ्यासात टोटल कोलेस्टेरॉलपेक्षा कमी एचडीएलचा धोका मोठा दिसला, आणि दुसऱ्या अभ्यासात पुढे आलेली जोडी ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएलची. माझ्या रिपोर्टात २१२ आणि ३६. आणि मी मात्र एलडीएलच्या नावाने तूप सोडून बसलो होतो!

आता आपल्या धंद्यातला एक जुना प्रश्न. दोन आलेख बरोबर वर जातायत, तर कोण कुणामुळे?

एकदा आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर रोज रात्री दोन वाजता डिस्क भरायची आणि त्याच वेळी वेबसाइट रडतखडत चालायची. आम्ही चार दिवस डिस्क वाढवत बसलो. नंतर कळलं, की कुणीतरी रात्री दोनला एक बॅच जॉब लावून ठेवला होता. तो जॉब डिस्कही भरत होता आणि सीपीयूही खात होता. डिस्क बिचारी निर्दोष होती, किंवा निदान मुख्य आरोपी नव्हती.

कोलेस्टेरॉल आणि किडनीच्या बाबतीत बराचसा असाच प्रकार आहे. 'कोलेस्टेरॉलच किडनी खराब करतं' ही कल्पना काही येरागबाळ्याची नाही. १९८२ मध्ये मूरहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये ती नीट मांडली होती. गाळणी गळते, मग लिव्हर चरबी वाढवतं, ती चरबी गाळणीच्या पेशींना इजा करते, मग गाळणी आणखी गळते, असं ते दुष्टचक्र. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये याला दुजोराही मिळाला. पण हे खरं असेल तर कोलेस्टेरॉल खाली आणल्यावर माणसांच्या किडन्या वाचायला हव्यात.

ते तपासायची संधी 'शार्प' नावाच्या मोठ्या चाचणीत मिळाली. तिचे मुख्य निष्कर्ष २०११ मध्ये आले. किडनीचा आजार असलेले ९,२७० लोक. निम्म्यांना कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या दोन औषधांची एकत्र गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. जवळजवळ पाच वर्षं. हार्ट ॲटॅक, पक्षाघात वगैरे रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. उत्तमच. पण किडनीचं? जे डायलिसिसवर नव्हते, त्यांच्यातले औषध घेणारे ३३.९ टक्के लोक शेवटच्या टप्प्याला पोचले आणि औषध न घेणारे ३४.६ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. हे लोक आधीच आजारी होते, त्यामुळे निरोगी माणसाचा निवाडा यावरून पूर्ण होत नाही हे मान्य. तरी 'कोलेस्टेरॉल उतरवलं की किडनी वाचली' असं छातीठोकपणे सांगायला जागा उरत नाही.

मग आपला बॅच जॉब कोणता? पोटाचा घेर, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, चढलेलं बी.पी., साखर, सिगारेट. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि एचडीएल उतरतं. त्याच काळात बी.पी. वर सरकतं, गाळण्यांवरचा दाब वाढतो, आणि मग त्या गळायला लागतात. लिपिडचं पान आणि किडनीचं पान हे एकाच कारखान्याचे दोन धूर आहेत. धूर पुसून काय होणार?

आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. आयसीएमआरच्या 'इंडियाब' पाहणीचे लिपिडबद्दलचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगडबरोबर आपला महाराष्ट्रही होता. टोटल कोलेस्टेरॉल जास्त असलेले लोक निघाले १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड्स जास्त असलेले २९.५ टक्के. आणि एचडीएल कमी असलेले? ७२.३ टक्के! म्हणजे कँटीनमध्ये आपण ज्या आकड्याचा स्कोअर सांगत बसतो तो आपला मुख्य प्रश्नच नाही. आपला प्रश्न आहे मैदा, साखर, शुक्रवारची बिअर आणि दहा तास खुर्चीला चिकटलेलं बूड. तूप सोडून मारी बिस्किट खाणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता कुणी म्हणेल, मग कोलेस्टेरॉलकडे दुर्लक्ष करायचं का? अजिबात नाही, उलट! किडनी कमकुवत असलेल्या माणसाला डायलिसिसपेक्षा हृदयविकाराचा धोका जास्त असतो. डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधीच हृदय दगा देतं, असं होणारे लोक कितीतरी जास्त. म्हणजे कोलेस्टेरॉल कमी केल्याने किडनी वाचेलच असं नाही, पण किडनी ढिली असेल तर तेच कोलेस्टेरॉल हृदयाला जास्त महाग पडतं. एकाच १३८ एलडीएलचा अर्थ दोन माणसांत वेगळा होऊ शकतो, आणि तो वेगळा का हे किडनीच्या पानावर लिहिलेलं असतं. म्हणून डॉक्टरांनी हृदयासाठी स्टॅटिन दिलं असेल तर 'याने किडनीला काही होत नाही' म्हणून ते परस्पर बंद करणं हा शुद्ध गाढवपणा.

हे जगानेही उशिराच मान्य केलं. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका काढायचं जे सूत्र २०१३ पासून वापरात होतं, त्यात किडनीचा पत्ताच नव्हता. २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकन हार्ट असोसिएशनने 'प्रिव्हेंट' नावाचं नवं सूत्र आणलं. त्यात टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि बी.पी.च्या शेजारी ईजीएफआर बसलाय, आणि हाताशी असेल तर लघवीतलं अल्ब्युमिनही घालता येतं. ते ३० वर्षांच्या माणसापासून चालतं. सूत्र अमेरिकन लोकांच्या नोंदींवर बेतलेलं आहे, आपल्याला जसंच्या तसं लागू करू नये. पण दोन पानं एका समीकरणात आली, हे मला फार बोलकं वाटलं.

आता त्या चांदणी नसलेल्या क्रिएटिनिनची गोष्ट. स्नायूंमधून रोज साधारण ठरावीक क्रिएटिनिन तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनीने काम कमी केलं की ते रक्तात साचतं. पण हे नातं सरळ रेषेचं नाही, भागाकाराचं आहे. गाळणं निम्म्यावर आलं की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. म्हणजे सुरुवातीला किडनीची बरीच क्षमता गेली तरी आकडा जेमतेम हलतो. २०२१ च्या सूत्रात माझे आकडे घालून बघितले. ३१व्या वर्षी ०.९ म्हणजे ईजीएफआर ११७. ३६व्या वर्षी १.२ म्हणजे ८०. जवळजवळ तिसरा हिस्सा गायब, आणि लॅबच्या लेखी मी दोन्ही वेळा नॉर्मल!

बायकांच्या बाबतीत तर आणखी फसगत. ३२ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० असेल तर ईजीएफआर येतो १०३. तेवढ्याच वयाच्या बाईचं १.० असेल तर ७७. स्नायू कमी, म्हणून तोच आकडा वेगळं सांगतो. घरी गेल्यावर बायकोचा रिपोर्टही काढून बघा.

अर्थात ८० किंवा ७७ म्हणजे आजार नव्हे, लगेच नेटवर डायलिसिसचे दर शोधू नका. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी खूण तितकाच काळ टिकली, तर त्याला दीर्घकालीन आजार म्हणतात. शिवाय क्रिएटिनिन दुसऱ्या बाजूनेही फसवतं. मी त्या वर्षी जिम लावली होती आणि तिथल्या ट्रेनरने क्रिएटिनची पावडर चालू करून दिली होती. डॉक्टरांनी ती पावडर बंद करायला लावली, दोन आठवड्यांनी परत रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन १.०५ आलं. ईजीएफआर ९४. म्हणजे घसरणीतला बराच भाग पावडरचा होता. हुश्श!

पण हुश्श फार वेळ टिकलं नाही, कारण लघवीचा आकडा आला. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, ज्याला एसीआर म्हणतात, ते ३० च्या आत हवं. माझं ४८. पट्टी बुडवून 'ॲब्सेंट' म्हणणाऱ्या तपासणीला एवढी थोडी गळती कळतच नाही. ताप, जोराचा व्यायाम, लघवीचा संसर्ग असल्या कारणांनीही हे तात्पुरतं वाढतं, म्हणून महिन्याने परत केलं. ४१. आता मात्र सबबी संपल्या.

इथं मला रिचर्ड ब्राइट या इंग्रज डॉक्टरची फार आठवण होते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातला हा माणूस. अंगाला सूज आलेल्या रुग्णाची लघवी तो चमच्यात घ्यायचा आणि मेणबत्तीवर धरायचा. लघवीत अल्ब्युमिन असेल तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं ते गोठून दिसायचं. १८२७ मध्ये त्याने हे लिहून ठेवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं किडनीच्या आजाराला 'ब्राइट्स डिसीज' म्हणत. चमचा आणि मेणबत्ती! आणि आमच्या ऑफिसच्या ७२ तपासण्यांच्या पॅकेजात व्हिटॅमिन डी आहे, बी-१२ आहे, थायरॉइडचे तीन आकडे आहेत, आणि ही एक साधी तपासणी नाही. सुटी केली तर ती काही शेकड्यांत होते.

माझा राग इथं आहे. पॅकेजं ठरवणारे 'किती तपासण्या' हा आकडा विकतात. आम्ही विकत घेतो. एचआरला वाटतं, कर्मचाऱ्यांची काळजी घेतली. लॅबला वाटतं, रिपोर्ट दिला. आणि बारा पानं जोडून वाचायचं काम कुणाचंच नाही. आपण आयुष्यभर लोकांच्या सिस्टिमचे लॉग वाचून पोट भरतो, चार दिवसांचा ट्रेंड बघितल्याशिवाय कुणाला उत्तर देत नाही. स्वतःच्या सिस्टिमचा लॉग मात्र वर्षातून एकदा येतो, त्यातलीही फक्त लाल अक्षरं वाचतो. थ्रेशोल्ड ओलांडल्याशिवाय अलर्ट येत नाही म्हणून सर्व्हर ठणठणीत आहे असं म्हणणारा पोरगा आपल्या टीममध्ये असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

म्हणून माझं मत सरळ आहे. पुढच्या वेळी पॅकेजातल्या दहा तपासण्या कमी झाल्या तरी चालतील, पण लघवीचं एसीआर हवं. मी एचआरला तशी मेल लिहिली आहे. ("नोटेड" असं उत्तर आलंय. बघू.) ज्यांच्या घरात बी.पी., साखर किंवा किडनीचा इतिहास आहे, किंवा ज्यांच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स वर आणि एचडीएल खाली अशी जोडी आहे, त्यांनी एचआरची वाट बघू नये. डॉक्टरांना विचारून स्वतः करून घ्यावं. जुने रिपोर्ट शोधून क्रिएटिनिनचे आकडे एका ओळीत मांडावेत. पावडर चालू असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. बी.पी. 'डॉक्टरांना बघून' वाढतंय असं वाटत असेल तर घरी मशीन आणून आठवडाभर मोजावं आणि मगच बोलावं. आणि पाठ दुखते, डोकं दुखतं म्हणून ड्रॉवरमधली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन शेंगदाण्यासारखी खाऊ नये. ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात.

माझं म्हणाल तर घरी आठवडाभर मोजलेलं बी.पी. १३६-९० निघालं. डॉक्टर बिचारे निर्दोष सुटले. बी.पी.ची एक छोटी गोळी चालू झाली. लोणचं-पापड-फरसाण हे त्रिकूट आठवड्यातून एकदाच. चहातली साखर गेली, मारी बिस्किटं गेली, शुक्रवारची बिअर महिन्यावर आली. रोज पाऊण तास चालणं. आणि तूप, अंडं? डॉक्टरांनी दोन्ही परत चालू करून दिलं, बेताने. तीन महिन्यांनी एसीआर २२ आलं, ट्रायग्लिसराइड्स १५८. एचडीएल ३६ वरून ३८. ते हट्टी आहे, त्याला वेळ लागतो म्हणे.

गंमत सांगू? एलडीएल १३१ आहे, त्याच्यापुढे चांदणी अजून आहे. ते औषधाचं बघू का म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांनी सगळे कागद घेऊन ये. एकत्र ठेवून बघू आणि मग ठरवू."

एकत्र ठेवून. बास, एवढंच सांगायचं होतं. पुढच्या उपासाच्या वेळी कँटीनमध्ये कुणी "तुझं किती रे?" असं विचारलंच, तर निदान त्याला विचारा, "कशाचं?"